वास नसलेला कांदा

कुठल्याही कंदाचं पान दिसलं की मी ते आधी नखानं चुरडते आणि नाकाशी नेते. कुणाच्या बागेत पाहुणी म्हणून गेले तरी हे चुकत नाही; घरातली बाई बघत असली तर पाठ वळवून करते. मग हात धुवायला पाणी मागावं लागतं, आणि ते मागताना मला पान चुरडण्यापेक्षा जास्त धीर गोळा करावा लागतो.

आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा कारखान्यात अधिकारी होते, म्हणून क्वार्टरला मागेपुढे थोडं अंगण होतं. जमीन मुरमाड. नळाला पाणी दोन वेळा. मला लोक कंटाळवाणे वाटत नसत, त्यांची भीती वाटत असे. शाळेत इंग्रजी, घरी मराठी, फाटकाबाहेर हिंदी, आणि तिन्ही भाषांत मी कमीत कमी बोलत असे. शाळेत नववीला मला नीटनेटक्या वह्यांबद्दल बक्षीस मिळालं, ते बागकामाचं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात हिमवर्षावाच्या आधी काय लावावं आणि नंतर काय लावावं ते सगळं दिलं होतं. आमच्याकडे हिमवर्षाव नव्हता, पण मी ते पुस्तक पाठ होईपर्यंत वाचलं, कारण झाडांशी बोलावं लागत नाही.

त्यात एक प्रकरण ॲलियमवर होतं. ॲलियम म्हणजे कांदा-लसणाचं घराणं, आणि त्यातले काही कांदे म्हणे खाण्यासाठी नव्हे तर केवळ फुलासाठी लावतात. एका पानभर चित्रात कमरेएवढा उंच, पानं नसलेला हिरवा दांडा होता आणि त्याच्या टोकाला मुठीहून मोठा, जांभळा, गोल चेंडू. शेकडो बारीक फुलांचा. ते चित्र बघताना मला काहीतरी होत असे. आपल्या अंगणात असा एक चेंडू उभा आहे आणि येणारा-जाणारा माझ्याऐवजी त्याच्याकडे बघतो आहे, असं मी मनात रंगवत असे.

पहिली अडचण शब्दाची आली. मी आईला म्हटलं, "मला मागच्या अंगणात बल्ब लावायचेत." आईनं बाबांना सांगितलं, बाबांनी कारखान्यात निरोप दिला, आणि दुसऱ्या दिवशी वायरमन शिडी घेऊन दारात उभा राहिला. "कुठं लावायचा, ताई? पोर्चमध्ये का संडासात?" आई हसून हसून खाली बसली. मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्यानंतर मी तो शब्द घरात कधी काढला नाही. निशिगंधाचा कांदा, लिलीचा कांदा, तसा आपलाही कांदाच, असं म्हणू लागले. मराठीत जमिनीतल्या प्रत्येक गोल गाठीला कांदा म्हणतात, आणि मला ते सोयीचं वाटलं.

दिवाळीनंतर मी घरातलेच मोड आलेले सात कांदे ओळीनं लावले. शेणखत घातलं, वाफा केला. माघ लागता लागता त्यांच्यातून पोकळ दांडे वर आले आणि त्यांच्या टोकाला पांढरी फुलं धरली. गोल होती खरी, पण लिंबाएवढी. त्यांच्यावर मधमाश्या येत. मी रोज सकाळी जाऊन बघत असे.

कुळगावहून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला येत असे. तिचं शेत होतं, नवरा होता, सुना होत्या, आणि आवाज असा की तिसऱ्या क्वार्टरपासून कळे. मी तिला मावशी म्हणायची. तिनं ती फुलं पाहिली आणि पाटी खाली ठेवली.

"अगो बाय, डेंगळे आलं का. गेला तुजा कांदा." डेंगळे म्हणजे कांद्याला आलेले फुलाचे दांडे; ते आले की खालचा कांदा पोसत नाही.

"फुलांसाठीच लावलेत," मी म्हटलं.

"कशासाठी?"

"फुलांसाठी. बघायला."

तिनं आईला हाक मारली. "वैनी, ऐकलंत क? तुमची पोर डेंगळ्यांची बाग करते. आमच्यात ज्याच्या वाफ्यात डेंगळे निघतात तो तोंड लपवतो." मग माझ्याकडे वळून, "देवाला घालशील क ही? कांद्याचा हार?"

आई हसली. मीही हसल्यासारखं केलं. पण मला तेव्हाच वाटलं की ही फुलं खरी नाहीतच, चित्रातलं ते फूल वेगळं आहे आणि ते माझ्याकडे आलं पाहिजे.

ते आधीच आमच्या शेजारी होतं, असं मला वाटत होतं. गेल्या मे महिन्यात शेजारच्या क्वार्टरमधल्या कुंडीत मी एक फूल पाहिलं होतं. पानं नसलेला दांडा, टोकाला बारीक फुलांचा मोठा गोल चेंडू. मे महिन्यात येतं म्हणून त्या घरचे त्याला मे फ्लॉवर म्हणत. त्यांची बदली झाली आणि जाताना त्यांनी कुंड्या आमच्याकडे सरकवल्या. मी पुस्तक उघडून पुन्हा चित्र पाहिलं. दांडा तसाच. चेंडू तसाच. माती उकरून पाहिली तर आत कांदा. आणखी काय हवं होतं? आमच्याकडचं फूल लाल होतं. पुस्तकात ॲलियमचे रंग दिले होते: पांढरा, गुलाबी, जांभळा, निळा, पिवळा. लाल त्या यादीत नव्हता. हे माझ्या नजरेतून सुटलं होतं असं मी पुढे बाबांना सांगितलं. ते सुटलं नव्हतं. मी ते वाचलं होतं आणि पान उलटलं होतं.

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी घरी होते, तो चैत्र होता. कुंड्यांतली पानं केव्हाच वाळून गेली होती. मी कांदे काढले, माती झटकली आणि पुढच्या व्हरांड्यात गोणपाटावर सावलीत पसरले. लहानमोठे मिळून अकरा होते. पलीकडे आईनं वर्षाच्या बेगमीचे कांदे पसरले होते. माझे त्यांच्यापेक्षा मोठे आणि फिक्या सालीचे होते. मला ते फार देखणे वाटले.

त्या दिवशी आई सकाळीच बदलापूरला तिच्या बहिणीकडे गेली होती. दोघी मिळून वर्षाचा मसाला करायच्या. बाबा कारखान्यात. नऊच्या सुमाराला फाटकाची कडी वाजली आणि पापडवाली आली.

ती उल्हासनगरच्या कॅम्पातून येत असे. सिंधी, साठीच्या आसपासची, तंबूच्या कापडाची शिवलेली पिशवी खांद्याला. आई तिच्याकडून पापड घेई आणि तिला अम्मा म्हणे. मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, "माँ नहीं है," आणि आत वळणार होते, तेवढ्यात तिची नजर गोणपाटाकडे गेली.

"ये क्या है? बसर?"

मला कळलं नाही.

"बसर, बसर. प्याज. तुम लोग क्या बोलते हो?"

"कांदा," मी म्हटलं.

"हाँ, कांदा." तिनं पायरीवर बसकण मारली आणि माझ्या कांद्यांतला सर्वांत मोठा उचलून तळहातावर तोलला. "इतना मोटा. हमारे सिंध में होता था ऐसा. कहाँ से लिया?"

"मैंने लगाया."

"तूने?" तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अडी, तू तो बडी होशियार है. मैं समझी तू बोलती ही नहीं."

मला त्याआधी माझ्या बागेबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. आई हसली होती, मावशी हसली होती. ही बाई कांदा हातात धरून माझ्याकडे बघत होती, आणि मी बोलू लागले. हे फुलाचे कांदे आहेत, याचं फूल एवढं येतं, किताबमध्ये लिहिलंय, मी हातानं आकार दाखवला. वर्षभरात बोलले नव्हते एवढी हिंदी मी त्या पाच मिनिटांत बोलले असेन. ती मान हलवत होती. तिचा डावा अंगठा चिरलेला होता आणि नख काळं पडलं होतं; मी तिच्या डोळ्यांऐवजी त्या नखाकडे बघून बोलत होते. तीही तिचं सांगत होती. सून नवीन आहे, स्वयंपाक आत्ता शिकते आहे. बॅरेकमागचा नळ तुटलाय, दिवसभर पाणी वाहतं, कुणी दुरुस्त करत नाही.

"दो-चार दे दे," ती म्हणाली. "आज बहू सेयल बनाएगी. उसमें बसर बहुत लगता है. तेरी माँ का नहीं चाहिए, वो माँ से पूछ के लूँगी. ये तेरा है ना, तू दे सकती है. बदले में पापड ले."

मी थबकले. मला माझे कांदे द्यायचे नव्हते, एवढंच तेव्हा मनात होतं. पण नाही म्हणायला जे लागतं ते माझ्याकडे नव्हतं.

"खाने का है ना?" तिनं विचारलं.

"हाँ. कांदा है." पुस्तकात तसंच होतं: या घराण्यातला कुठलाही कांदा विषारी नाही.

"मीठा या तीखा?"

मी कधी चाखला नव्हता. नुसती सालही सोलली नव्हती. "मीठा," मी म्हटलं.

तिनं चार कांदे निवडून ओढणीच्या टोकाला बांधले, माझ्या हातात दोन पापड ठेवले आणि गेली. मी ते पापड डब्यात ठेवले. तासभर मी खूश होते, हे मला लिहायला हवं.

साडेदहाला मावशीची हाळी आली. तिनं पाटी उतरवली, वांगी काढली, आणि गोणपाट बघून म्हणाली, "ह्ये काय वालत घातलंस?"

"कांदे. फुलांचे."

"परत डेंगळे?" तिनं एक उचलला, उलटापालटा केला आणि नखानं बुडाशी खरवडला. मग नाकाशी नेला. मग पुन्हा नेला. "ह्यो कांदा नाय गो बाय."

"कांदाच आहे. पुस्तकात चित्र आहे."

"मंग वास कुटं हाय याचा? घे. हुंग."

मी हुंगलं. ओल्या गवतासारखा, कच्च्या बटाट्यासारखा काहीतरी वास होता. कांद्याचा नव्हता. खरवडल्या जागी बुळबुळीत पाणी सुटलं होतं. मावशीनं बोट पदराला पुसलं, परत परत पुसलं.

"आमच्याकडं बकरीनं खाल्ला व्हता असला. लाल फूल येतं ना, गोंड्यावानी? सांजच्याला बगतो तं तोंडातनं फेस."

"मेली?"

"मेली नाय तं काय नाचली?"

मला आठवतं ते एवढंच की त्या क्षणी मला समोरचा कांदा दिसत नव्हता, ती यादी दिसत होती. पांढरा, गुलाबी, जांभळा, निळा, पिवळा.

"मी चार दिले," मी म्हटलं.

"कोनाला?"

"पापडवालीला."

"लावाया?"

मी नुसती मान हलवली. नाही.

मावशीनं भाजीची पाटी उचलून व्हरांड्यात आत सरकवली, राहिलेल्या सातांतले सहा कांदे गोणपाटासकट गुंडाळून उंच फळीवर टाकले आणि एक माझ्या हातात दिला. "ह्यो दाखवाया लागल. घर बंद कर. चप्पल घाल."

अंबरनाथहून कॅम्प जवळ. रमतगमत पाऊण तास, आम्ही अर्ध्या तासात गेलो असू. ऊन तापलेलं होतं. मावशी पुढे, मी मागे. मी वाटेत मनात हिंदी वाक्यं जुळवत होते आणि ती जुळत नव्हती. वो खाना मत. उसको खाओ मत. तिला नवीन सून आहे, घरात आणखी किती माणसं आहेत? सेयल शिजायला किती वेळ लागतो? शिजवल्यावर विष जातं का? मी मावशीला हे विचारलं. "मला काय ठाव," ती म्हणाली, "आमी बकरीला शिजवून नवतं घातलं."

कॅम्पात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. लष्करानं बांधलेल्या लांबच लांब बॅरेकी, एकासारखी दुसरी, आत गोणपाट नाहीतर पत्र्याचे आडोसे करून खोल्या पाडलेल्या. मला वाटलं होतं, पापडवाली कुठं राहते असं विचारलं की कुणीही सांगेल. दर दुसऱ्या दारापुढे खाटेवर पापड वाळत होते. तंबूच्या कापडाची पिशवी प्रत्येकीच्या खांद्याला होती. एका बाईला मी विचारलं, "वो पापडवाली अम्मा..." ती म्हणाली, "मैं भी पापडवाली हूँ. कितने चाहिए?" तिच्या शेजारणी हसल्या. मला तिचं नाव माहीत नव्हतं. दोन वर्षं ती आमच्या पायरीवर बसत होती आणि आम्ही कुणी तिला नाव विचारलं नव्हतं.

"काय तरी आठव," मावशी म्हणाली. "काय बोलली ती तुला?"

"नळ तुटलाय म्हणाली. बॅरेकमागे. दिवसभर पाणी वाहतं."

मावशीनं खाली पाहिलं. सगळीकडे फुफाटा होता. "मंग चिखल कुटं हाय ते बग."

आम्ही गटारी बघत चाललो. दोन कोरड्या होत्या. तिसरीतून बारीक धार येत होती. त्या धारेच्या उलट्या दिशेनं आम्ही बॅरेकीमागून बॅरेकी मागे टाकत गेलो. धार रुंद होत गेली, मग चिखल लागला, चिखलात शेळ्यांच्या लेंड्या, आणि मग तो नळ. नळाच्या अलीकडच्या दाराशी माणसं जमली होती. पण ती दारापासून चार हात लांब उभी होती.

आत जमिनीवर सून पडली होती. माझ्याच वयाची असेल. तोंडाशी परात, बाजूला ओकारी, ओठ सुजलेले. अम्मा तिचं डोकं धरून बसली होती. एक कंपाउंडर उकिडवा बसून नाडी बघत होता; डॉक्टर चार वाजता येतात असं कुणीतरी म्हणत होतं. चूल पेटलेली होती आणि तिच्यावर पातेलं उकळत होतं.

"क्या खाया?" कंपाउंडरनं विचारलं.

"कुछ नहीं. बसर काटती थी, एक टुकडा कच्चा खाया. बोली मुँह जलता है. बस."

"प्याज से कौन मरता है, माई?" तो उठला. "हैजा होगा. पूरी बैरक खाली करनी पडेगी." पटकीचं नाव ऐकताच दाराबाहेरची माणसं आणखी मागे सरली.

मावशीनं मला पाठीत ढोसलं. "बोल. मला त्यांची बोली येत नाय. तुलाच बोलाया लागल."

माझ्या तोंडातून हिंदी निघाली नाही. मी हातातला कांदा कंपाउंडरपुढे धरला आणि इंग्रजीत म्हणाले, हा कांदा नाही, लिलीसारखं काहीतरी आहे, विषारी आहे, हिनं हे खाल्लंय. शाळेत उत्तर देताना बोलतात तशा स्पष्ट आवाजात. इंग्रजीत बोलताना ते दुसऱ्याच कुणाबद्दल आहे असं वाटतं. कंपाउंडरनं कांदा घेतला, मोडला, हुंगला आणि एकदम खाली बसला. त्याला इंग्रजी येत होती. त्यानं मिठाचं पाणी मागितलं.

"त्याला सांगून काय?" मावशी म्हणाली. "हिला सांग."

अम्मा माझ्याकडे बघत होती. तिनं मला तेव्हाच ओळखलं.

"मैंने दिया," मी म्हटलं. "वो कांदा नहीं था. मुझे मालूम नहीं था."

सुनेचं डोकं हलकेच जमिनीवर टेकवून ती उठली, फडक्यानं पातेलं धरलं आणि मागच्या दारानं बाहेर जाऊन ओतून आली. रिकामं पातेलं पालथं घातलं. घरातले पुरुष बाराला जेवायला येतात, हे मला मागाहून कळलं. मग ती माझ्यासमोर आली.

"मैंने पूछा था तेरे को. मीठा बोला था तूने."

मी मान खाली घातली.

"बैठ," ती म्हणाली. "जब तक ये ठीक नहीं होती, तू इधर से नहीं जाएगी."

मावशीनं हे शब्द न कळता समजून घेतलं. "बस तू," ती मला म्हणाली. "मी शेजारणीपाशी निरोप ठेवते. आई आली की सांगंल ती." आणि ती गेली. आमच्या व्हरांड्यात पाटीतली भाजी सुकत होती, तरी ती दारापर्यंत जाऊन एकदा परत वळून बघून गेली.

मी एका पत्र्याच्या ट्रंकेवर बसले. समोर माशावर बसलेल्या देवाची तसबीर होती, तिच्यापुढे विझलेला दिवा. शिवणयंत्रावर अर्धवट शिवलेला सदरा. मी सुनेचा श्वास मोजत होते. दोन श्वासांत जरा जास्त अंतर पडलं की माझाही थांबे. ती मिठाचं पाणी प्यायची आणि ओकायची, पुन्हा प्यायची आणि ओकायची. दर वेळी अम्मा परात धुऊन आणायची. मी एकदा उठून परात घ्यायला गेले तर तिनं हातानंच मला बस म्हणून खुणावलं. शेजारच्या बायका दारातून डोकावत, सिंधीत काहीतरी विचारत, अम्मा माझ्याकडे बोट करी. मला त्यातला एकच शब्द कळत होता, बसर. ही मेली तर काय होईल, याचा विचार मी पूर्ण करू शकत नव्हते. तो अर्ध्यावर येऊन बाबांच्या नोकरीकडे वळे, पोलिसांकडे वळे, आणि मग अगदी क्षुल्लक गोष्टीकडे, की मला तहान लागली आहे आणि इथं पाणी कसं मागायचं. मी मागितलं नाही.

दुपार कलता कलता ओकाऱ्या थांबल्या. ती झोपली. ती झोप आहे की दुसरं काही, हे मला ठरवता येईना आणि तो वेळ सर्वांत वाईट गेला. चार वाजता डॉक्टर आले. त्यांनी डोळ्यांच्या पापण्या उघडून पाहिल्या, पोट दाबलं, कंपाउंडरकडून सगळं ऐकलं. एकच तुकडा होता आणि तोही बाहेर पडलाय, म्हणाले. आता भीती नाही, पेज द्या. सून त्या आवाजानं जागी झाली. तिची नजर माझ्यावर येऊन थांबली आणि तिनं सासूला क्षीण आवाजात काहीतरी विचारलं. अम्मानं उत्तर दिलं. सून माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि तिनं डोळे मिटले.

"अब जा," अम्मा म्हणाली. कोनाड्यातले तीन कांदे काढून तिनं माझ्या ओंजळीत ठेवले. "अपना कांदा ले जा."

मी ते धरून घरी निघाले. वाटेत ते टाकून देता येईनात. गटारात टाकावेत तर पाणी पिणारं जनावर, रस्त्यावर टाकावेत तर कुणी गरजू बाई चांगले कांदे म्हणून उचलील. मी तिन्ही कांदे पोटाशी धरून अंबरनाथपर्यंत आले. हातांना खाज सुटली होती.

आई फाटकात उभी होती. मसाल्यानं तिचे हात लाल झाले होते. शेजारणीनं निरोप दिला होता, पण त्यात कांदे, कॅम्प आणि ओकारी एवढेच शब्द उरले होते. मी पहिल्यापासून सांगितलं, मीठा म्हटलं तेही. आई रागावली नाही. ती हिशेब करत होती.

"किती दिलेस?"

"चार."

"आणि परत आणलेस तीन. चौथा?"

"चिरून पातेल्यात घातला होता."

"पातेलं कुठं ओतलं?"

"मागे."

"मागे काय आहे?"

मागे नळ होता, चिखल होता. लेंड्या मी ओलांडून आले होते. तिथं शेळ्या होत्या, पोरं होती, आणि कांद्याचा, तेलाचा, मसाल्याचा वास असलेलं अन्न तिथं सहा तास पडलं होतं.

आईनं परसातली कुदळ घेतली. "चल," ती म्हणाली.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. बॅरेकमागच्या उकिरड्याशी एक खोकं उपडं घालून अम्मा बसली होती. हातात काठी. लांब उभ्या दोन शेळ्या तिच्याकडे बघत होत्या.

"इतनी देर," ती म्हणाली. "डॉक्टर गया तब से बैठी हूँ. उसके पहले पडोसन को बिठाया. बकरीवाला गाली दे के गया."

मी विचारलं, बहू कशी आहे. पेज प्यायली, ती म्हणाली.

आईला हिंदी फारशी येत नव्हती. तिनं नमस्कार केला, पदर खोचला आणि खणायला लागली. मी पत्र्याच्या तुकड्यानं ते सगळं गोळा करून खड्ड्यात लोटलं. ते तीन कांदेही टाकले. अम्मानं चुलीतली राख आणून वर पसरली. आई माती लोटत असताना अम्मा काठीवर टेकून तिला म्हणाली, "छोकरी अच्छी है तेरी. पर इसको सिखा, नहीं मालूम है तो बोले, नहीं मालूम."

आईनं कुदळ थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतात त्या?"

तिथं दुसरं कुणी नव्हतं. मला ते मराठीत सांगावं लागलं.